धर्माचा रकाना कोण भरतो?

१९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये मराठी बोलणारी माणसं धरणं धरून बसली होती. आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर. कोकणात यांना शनिवार तेली म्हणत, कारण त्यांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असे. अलिबाग-पेणच्या गावांत शतकानुशतकं राहूनही धर्मावरून त्यांच्या वाट्याला कधी कोणी गेलं नव्हतं. ज्यूंचं स्वतःचं राष्ट्र झालं म्हणून हे बेने इस्रायली मोठ्या आशेने तिकडे गेले आणि तिथे लग्न नोंदवायच्या कचेरीत त्यांना विचारण्यात आलं, की तुम्ही नक्की ज्यू आहात का?

हा कोणा एका खडूस कारकुनाचा प्रश्न नव्हता. मुख्य धर्मपीठाने १९६२ मध्ये लेखी सूचनाच काढल्या होत्या. बेने इस्रायली मुलगा किंवा मुलगी लग्नाला उभी राहिली, की आई, आजी, पणजी अशी शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करायची. कुणी बाहेरचं घरात आलं होतं का, कुणाचा घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे न होता दुसरं लग्न झालं होतं का, हे पाहायचं. नवगावच्या पणजीच्या लग्नाचा कागद कुठून आणायचा? आणि हे टाळून लग्न करायची दुसरी सोयही देशात नव्हती. १९५३ च्या कायद्याने ज्यूंचं लग्न आणि घटस्फोट पूर्णपणे धर्मन्यायालयांच्या हाती दिलेले आहेत. नोंदणी पद्धतीचं लग्न तिथे आजही होत नाही, ज्यांना हवं असतं ते विमानाने सायप्रस गाठतात. शेवटी त्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेचं खास अधिवेशन भरलं, पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने धर्मपीठाला भेदभावाची भावना दूर करायला सांगितलं आणि सूचनांमधून बेने इस्रायलींचं नाव गळालं. त्या जागी ज्याच्या ज्यू असण्याबद्दल शंका असेल तो कोणीही, असा मजकूर आला.

इस्रायलचा राज्यधर्म घोषित आहे की नाही, यावर कायदेपंडित वाद घालतात. तो वाद बाजूला ठेवू. मला या प्रसंगातून दुसरीच गोष्ट दिसते आणि ती पुढे गोव्यापासून लाहोरपर्यंत पुन्हा पुन्हा भेटते. राज्याने एक धर्म आपला म्हटला, की तो धर्म म्हणजे काय आणि त्यात कोण बसतं हे ठरवण्याचं काम राज्याच्या अंगावर येतं. मग पहिला मार बसतो तो उघड परधर्मीयांना नव्हे, तर कुंपणालगतच्या माणसांना. स्वतःला त्याच धर्माचे म्हणवणारे पण वेगळं मानणारे, नुकतेच आलेले, बाहेर पडू पाहणारे, दोन धर्मांच्या लग्नातून झालेले, हे ते लोक. अल्पसंख्याकांच्या हक्कांची चर्चा आपण बहुधा हिंदू-मुसलमान, ख्रिस्ती-ज्यू अशा ठळक जोड्यांत करतो, त्यामुळे हे लोक नजरेतून सुटतात.

किती देशांचा हा प्रश्न आहे? अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०१७ मध्ये १९९ देश-प्रदेशांचा धांडोळा घेतला. ४३ ठिकाणी अधिकृत धर्म आहे: २७ मध्ये इस्लाम, १३ मध्ये ख्रिस्ती धर्माचा कोणता ना कोणता पंथ, दोन ठिकाणी बौद्ध धर्म आणि एका ठिकाणी ज्यू धर्म. आणखी ४० ठिकाणी कागदोपत्री अधिकृत धर्म नाही, पण एका धर्माला पंगतीत वरचं पान आहे.

आंतरराष्ट्रीय कायदा यावर काय म्हणतो? थेट बंदी कुठेच नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या करारावर देखरेख करणाऱ्या मानवी हक्क समितीने १९९३ मध्ये घेतलेली भूमिका सावध आहे. राज्याला धर्म असू शकतो, मात्र त्यामुळे इतर धर्मांच्या किंवा धर्म न मानणाऱ्या लोकांच्या हक्कांना बाध येता कामा नये आणि सरकारी नोकरीत किंवा सवलतींत भेदभाव होता कामा नये. म्हणजे साप घरात ठेवा, पण चावू देऊ नका. संयुक्त राष्ट्रांचे धर्मस्वातंत्र्यविषयक विशेष प्रतिवेदक हायनर बीलेफेल्ट यांनी २०११ च्या अहवालात याच्या पुढे पाऊल टाकलं. अधिकृत राज्यधर्म प्रत्यक्षात राबवला गेला आणि अल्पसंख्याकांना त्याची झळ बसली नाही, अशी कल्पना करणंही जवळपास अशक्य आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांच्यानंतर त्या पदावर आलेल्या अहमद शहीद यांनीही २०१८ मध्ये राज्य आणि धर्म यांच्या संबंधांवरच अहवाल लिहिला. शहीद हे मालदीवचे माजी परराष्ट्रमंत्री. २००८ च्या मालदीवच्या राज्यघटनेनुसार मुसलमान नसलेल्या माणसाला त्या देशाचं नागरिकत्व मिळू शकत नाही. तिथे अल्पसंख्याकांचा प्रश्नच उरलेला नाही, कारण कागदावर अल्पसंख्याक नाहीत.

समिती बरोबर की प्रतिवेदक, हा या विषयातला मुख्य वाद. इतिहासात शिरल्याशिवाय तो सुटत नाही आणि मराठी वाचकाला इतिहास शोधायला फार लांब जायला नको.

गोव्यात पोर्तुगिजांचं धर्मसमीक्षण, म्हणजे इन्क्विझिशन, १५६० मध्ये सुरू झालं आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत चाललं. अनंत काकबा प्रियोळकरांनी १९६१ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. आपल्याकडे या काळाची आठवण निघाली की देवळं पाडल्याचीच आठवण निघते आणि ती खोटी नाही. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा हे देव रातोरात नदीपलीकडे अंत्रुज महालात गेले, आज फोंड्याच्या परिसरात आपण त्यांचं दर्शन घेतो. पण धर्मसमीक्षण-न्यायालयाचा मुख्य अधिकार होता तो बाप्तिस्मा झालेल्यांवर. हिंदूंचे सार्वजनिक विधी आणि धर्मांतराला होणारा विरोध यांवरही त्याचा हात पडे, तरी ज्यांच्या घरात शिरून तपास होई ते बहुतांशी नवे ख्रिस्ती होते. १७३६ च्या एका जाहीरनाम्यात त्यांनी काय करू नये याची लांबलचक यादी आहे. अंगणात तुळस लावू नये, लग्नात हिंदू पद्धतीची गाणी आणि विधी नकोत, पुरुषांनी धोतर नेसू नये आणि भात शिजवताना हिंदूंप्रमाणे अळणी शिजवू नये. मिठाच्या चिमटीपर्यंत राज्य पोहोचलं होतं. शेजारच्या हिंदूने अळणी भात खाल्ला तर तो फक्त हिंदू ठरे, ख्रिस्ती झालेल्याने खाल्ला तर तो गुन्हेगार.

गोव्याची पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. १७६३ मध्ये फोंडा पोर्तुगिजांच्या ताब्यात आलं. राज्य तेच, राजा कॅथलिक, धर्मही तोच आणि धर्मसमीक्षणही अजून चालूच. तरीही नव्या काबिजादीतल्या हिंदूंना त्यांच्या देवळांचं आणि रीतीरिवाजांचं संरक्षण देण्याचं वचन मिळालं आणि ते बऱ्याच अंशी पाळलंही गेलं. मराठ्यांच्या सीमेला लागून असलेला हा मुलूख दुखवणं लिस्बनला परवडणारं नव्हतं. म्हणजे राज्यधर्माचा जाच किती होणार हे धर्मग्रंथ ठरवत नाही, गरज आणि ताकद ठरवते. गोव्यातल्या हिंदूंना खऱ्या अर्थाने बरोबरीचे नागरिक म्हणून वागणूक मिळाली ती १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक येऊन पुढच्याच वर्षी चर्च आणि शासन वेगळं झाल्यावर.

युरोपातल्या प्रोटेस्टंट राज्यांची वाट वेगळी होती. इंग्लंडमध्ये चर्च ऑफ इंग्लंड आजही राज्याचं चर्च आहे आणि २६ बिशप लॉर्ड्सच्या सभागृहात बसतात. सतराव्या शतकातल्या टेस्ट कायद्यांनी सरकारी पदांची दारं कॅथलिकांना आणि वेगळ्या पंथाच्या प्रोटेस्टंटांना बंद केली. ही दारं एकेक करून उघडली: १८२८ मध्ये पंथीय प्रोटेस्टंटांसाठी, १८२९ मध्ये कॅथलिकांसाठी. लायोनेल द रॉथशिल्ड हा ज्यू १८४७ मध्ये निवडून आला, पण ख्रिस्ती शपथ घेणार नाही म्हणाला आणि १८५८ पर्यंत बाहेरच राहिला. सगळ्यांत शेवटी नास्तिकांची पाळी. चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० मध्ये निवडून आले आणि १८८६ मध्ये त्यांना जागेवर बसू दिलं गेलं. हेच ब्रॅडलॉ १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आले होते. आपल्या पुढाऱ्यांना ते हिंदुस्थानचे कैवारी म्हणून ठाऊक होते. स्वतःच्या देशाच्या संसदेत शिरायला त्यांना सहा वर्षं झगडावं लागलं होतं.

राज्यधर्म सौम्य झाला तरी त्याची गाठ कायद्यात कुठेतरी शिल्लक राहते. सलमान रश्दींच्या कादंबरीवर खटला भरावा म्हणून ब्रिटिश मुसलमान न्यायालयात गेले, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की ईशनिंदेचा कायदा फक्त ख्रिस्ती धर्माचं रक्षण करतो. कादंबरीवर खटला झाला नाही हे माझ्या मते चांगलंच झालं, पण नकाराचं कारण लाजिरवाणं होतं. इंग्लंड-वेल्समधून तो कायदा २००८ मध्ये गेला.

नॉर्वेचं उदाहरण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. १८१४ ची तिथली राज्यघटना त्या काळच्या युरोपात अतिशय उदार समजली जाई. तिच्या दुसऱ्या कलमात लूथरपंथ हा राज्याचा धर्म ठरवला होता आणि त्याच दमात ज्यूंना देशात यायला मनाई होती. जेझुइट आणि मठवासी पंथांनाही बंदी होती. कवी हेनरिक वेर्गेलान्ड ज्यूंसाठी अखेरपर्यंत भांडला आणि १८४५ मध्ये वारला. ज्यूंवरची बंदी उठली १८५१ मध्ये, जेझुइटांवरची तब्बल १९५६ मध्ये. २०१२ च्या घटनादुरुस्तीने राज्यधर्म हटवला, तरी लूथरपंथी चर्चला लोकांचं चर्च म्हणून राज्याचा आधार राहिला आणि तसाच आधार इतर सगळ्या धर्म व जीवनदृष्टी मानणाऱ्या संघटनांना समान पातळीवर द्यायचं बंधनही त्याच कलमात घातलं गेलं. सभासदांच्या संख्येप्रमाणे मशिदींना, कॅथलिकांना आणि निरीश्वरवादी मानवतावाद्यांच्या संघटनेलाही अनुदान मिळतं. राजा मात्र लूथरपंथीच हवा.

ग्रीसमध्ये घटनेनुसार ऑर्थोडॉक्स धर्म हा प्रचलित धर्म आहे. मिनोस कोक्किनाकिस हा क्रीटमधला, ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाचा माणूस. धर्मप्रसाराच्या आरोपावरून त्याला उभ्या आयुष्यात साठाहून अधिक वेळा अटक झाली. १९८६ मध्ये तो आणि त्याची बायको सितिया गावात एका चर्चच्या गायकाच्या घरी गेले आणि त्या गायकाच्या पत्नीशी धर्माबद्दल बोलले, एवढाच शेवटचा गुन्हा. १९९३ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ग्रीसला दोषी ठरवलं. धर्मस्वातंत्र्याच्या कलमाचा भंग झाल्याचा त्या न्यायालयाचा हा पहिला निकाल. आणि हा माणूसही ख्रिस्ताचाच अनुयायी होता हे विसरता येत नाही. अथेन्समध्ये सरकारमान्य मशीद उघडली ती २०२० मध्ये.

ग्रीसची दुसरी बाजूही पाहायला हवी. थ्रेसमधल्या मुस्लिम अल्पसंख्याकांना त्यांचा वारसा कायदा मुफ्तींकडून चालवण्याची मुभा होती. मोल्ला साली या विधवेच्या नवऱ्याने ग्रीक नागरी कायद्याप्रमाणे मृत्युपत्र करून सगळी मालमत्ता बायकोच्या नावे केली. नणंदांनी दावा ठोकला आणि ग्रीक न्यायालयांनी मुसलमानाला शरियाच लागू म्हणून मृत्युपत्र मोडीत काढलं. २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने हा भेदभाव ठरवला. बहुसंख्याकांना राज्यधर्म आणि अल्पसंख्याकांना त्यांची धर्मन्यायालयं, अशी वाटणी अनेकांना न्याय्य वाटते. पण तुम्ही कोण हे सरकारनेच ठरवायचं आणि त्यातून तुम्हाला बाहेर पडता यायचं नाही, हा धागा दोन्हीकडे एकच असतो. आणि त्यात बहुधा बाईच अडकते.

आता पाकिस्तान. राज्यधर्माचा कायदा हळूहळू कसा आवळत जातो याचा इतका सविस्तर दस्तऐवज दुसऱ्या कुठल्या देशाने मागे ठेवलेला नाही. १२ मार्च १९४९ रोजी घटनासभेने राज्याला इस्लामच्या तत्त्वांचा पाया देणारा उद्दिष्टांचा ठराव मंजूर केला. श्रीशचंद्र चट्टोपाध्याय आणि पूर्व बंगालचे इतर हिंदू सभासद विरोधात बोलले, विरोधात मत दिलं आणि हरले. त्या ठरावात अल्पसंख्याकांना मुक्तपणे धर्म पाळता येईल असं आश्वासन होतं. १९८५ मध्ये झिया-उल-हक यांनी हाच ठराव घटनेच्या मुख्य भागात घातला, तेव्हा त्यातला ‘मुक्तपणे’ हा शब्द गायब झाला होता. तो परत आला २०१० च्या अठराव्या घटनादुरुस्तीने. पंचवीस वर्षं शब्द नव्हता.

१९५३ मध्ये पंजाबात अहमदियांविरुद्ध, म्हणजे स्वतःला मुसलमानच मानणाऱ्या एका जमातीविरुद्ध, दंगली झाल्या. त्यांच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मुनीर आणि कयानी यांचा आयोग बसला. आयोगाने मोठमोठ्या उलेमांना एकच प्रश्न विचारला: मुसलमान कोणाला म्हणायचं? १९५४ च्या अहवालात न्यायमूर्तींनी नोंदवलं, की कोणत्याही दोघांची उत्तरं जुळली नाहीत आणि एकाची व्याख्या धरली तर बाकी सगळे धर्माबाहेर जातात. सरकारी अहवालांत इतकं धारदार लिखाण क्वचितच सापडतं. त्यातून धडा असा घ्यायला हवा होता, की हे काम राज्याचं नव्हे. घेतला गेला तो उलटा. १९७३ च्या घटनेने इस्लाम हा राज्यधर्म केला. १९७४ मध्ये, जनरलच्या नव्हे तर निवडून आलेल्या झुल्फिकार अली भुट्टो यांच्या काळात, संसदेने दुसऱ्या घटनादुरुस्तीने अहमदियांना मुस्लिमेतर ठरवलं. देशाचे पहिले परराष्ट्रमंत्री झफरुल्ला खान याच जमातीचे. १९७९ चं नोबेल मिळवणारे अब्दुस सलामही. सलाम यांच्या रबवाच्या कबरीवरच्या मजकुरातून ‘मुस्लिम’ शब्द नंतर पुसून टाकण्यात आला.

१९८४ च्या विसाव्या अध्यादेशाने पुढची पायरी गाठली. अहमदियाने स्वतःला मुसलमान म्हणवणं, आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणणं, अजान देणं हे तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचे गुन्हे झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये हा अध्यादेश वैध ठरवला. बहुमताच्या निकालात दिलेला एक दाखला मला विसरता येत नाही. कोका-कोला कंपनी आपल्या बाटलीत दुसऱ्याचं पेय विकू देईल का, असं न्यायमूर्तींनी विचारलं. अल्लाचं नाव घेण्याचा हक्क व्यापारचिन्हाच्या कायद्याने मोजला गेला.

मग हा कायदा अर्जांत उतरला. मुस्लिम म्हणून पासपोर्ट काढायचा असेल तर पाकिस्तानी नागरिकाला एका प्रतिज्ञेखाली सही करावी लागते. तीत अहमदिया जमातीच्या संस्थापकाला तोतया मानतो असं जाहीर करायचं असतं. सुन्नी, शिया सगळेच सही करतात, कारण हजला किंवा दुबईला नोकरीला जायचं असतं. मतदार याद्यांत सगळ्या धर्मांचे लोक एकत्र, फक्त अहमदियांची पुरवणी यादी वेगळी. २०१७ मध्ये निवडणूक अर्जातल्या प्रतिज्ञेचे एक-दोन शब्द बदलले, तर इस्लामाबादजवळ फैजाबादच्या चौकात तीन आठवडे रस्ता अडवला गेला आणि कायदामंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला.

पाकिस्तानातल्या हिंदूंची अडचण वेगळीच होती. त्यांच्यासाठी कायदा जाचक होता असं म्हणण्यापेक्षा कायदाच नव्हता. २०१६ मध्ये सिंधने आणि २०१७ मध्ये केंद्राने कायदा करेपर्यंत हिंदू लग्नाची सरकारी नोंद होत नव्हती. विधवेला पेन्शन मागताना, पासपोर्ट काढताना, नवरा-बायको असल्याचं सिद्ध करायला काही नाही. आणि पळवून नेलेल्या विवाहितेचं लग्न आधीच झालेलं आहे, हे न्यायालयात दाखवायलाही कागद नाही. सत्तर वर्षं हे असंच चाललं. यात दुष्टावा होता की निव्वळ बेपर्वाई, हे ठरवणं कठीण आहे. त्या बायकांना त्याने फरक पडत नव्हता.

ईशनिंदेच्या कायद्याबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की थोडक्यात सांगतो. १९८६ मध्ये देहदंडाची तरतूद आली. २००९ मध्ये शेतात पाण्यावरून झालेल्या भांडणातून आसिया बीबी या ख्रिस्ती मजूर बाईवर आरोप झाला, २०१० मध्ये फाशी सुनावली गेली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष सोडलं. मधल्या काळात तिची बाजू घेणारे पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर आणि केंद्रीय मंत्री शाहबाज भट्टी दोघेही मारले गेले. तासीर मुसलमान होते. या कायद्याखालच्या आरोपींतही मुसलमानांची संख्या मोठी आहे.

तरीही सगळं खापर राज्यधर्माच्या कलमावर फोडता येत नाही, हे बांगलादेश दाखवतो. १९७२ ची घटना धर्मनिरपेक्ष होती. १९७७ मध्ये झिया-उर-रहमान यांनी ते तत्त्व काढलं, १९८८ मध्ये इर्शाद यांनी इस्लामला राज्यधर्म केलं, २०११ मध्ये धर्मनिरपेक्षता परत आली आणि राज्यधर्मही तसाच ठेवला गेला. दोन्ही एकाच घटनेत. राज्यधर्माविरुद्धची १९८८ चीच याचिका उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये फेटाळली, अर्जदारांना दाद मागायचा अधिकारच नाही म्हणून. आता हिंदूंच्या लोकसंख्येचे आकडे पाहा. १९५१ मध्ये सुमारे २२ टक्के, १९७४ मध्ये १३.५ टक्के, २०२२ मध्ये ७.९५ टक्के. सगळ्यांत मोठी घसरण राज्यधर्म येण्याआधीची आहे. तिच्यामागे फाळणी आहे, दंगली आहेत, १९७१ चा नरसंहार आहे आणि एक रूक्ष महसुली कायदाही आहे. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानने आणलेला शत्रू-मालमत्ता कायदा स्वतंत्र, धर्मनिरपेक्ष बांगलादेशाने नाव बदलून निहित मालमत्ता म्हणून चालू ठेवला. घरातला एक भाऊ कोलकात्याला गेला, की सगळ्या भावांच्या जमिनीवर तलाठ्यापासून स्थानिक पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांचा डोळा. परतीचा कायदा २००१ मध्ये झाला. त्यामुळे अल्पसंख्याकांचं नशीब ओळखायला घटनेचं पहिलं पान चाळण्यापेक्षा सातबारा चाळावा, असं माझं मत बनलं आहे.

नेपाळ याच्या उलट टोकाला. जगातलं एकमेव हिंदू राष्ट्र २००६ मध्ये धर्मनिरपेक्ष झालं. २०१५ च्या घटनेत धर्मनिरपेक्षतेचं स्पष्टीकरण देताना सनातन काळापासून चालत आलेल्या धर्म-संस्कृतीच्या रक्षणाचा उल्लेख आला आणि दुसऱ्याचं धर्मांतर करायला बंदी राहिली. २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पाटी बदलली, पण धर्मांतराचा गुन्हा जुन्या राजवटीतून नव्या संहितेत आला.

मलेशियातलं लीना जॉय प्रकरण इथे सांगितलंच पाहिजे, कारण त्यात सगळा प्रश्न एका ओळखपत्रावर येऊन थांबतो. मलय घरात जन्मलेल्या या बाईने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नोंदणी कार्यालयाने नाव बदलून दिलं, पण कार्डावरचा ‘इस्लाम’ काढायला नकार दिला. आधी शरिया न्यायालयाचा दाखला आणा, म्हणाले. तो दाखला मागायचा म्हणजे धर्मत्यागाची कबुली देऊन त्याच न्यायालयापुढे उभं राहायचं. २००७ मध्ये सर्वोच्च पातळीवर दोन विरुद्ध एक मताने ती हरली. ‘इस्लाम’ लिहिलेलं कार्ड असताना ख्रिस्ती माणसाशी लग्न करता येत नाही. अकरा वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याच न्यायालयाने इपोहच्या बालवाडी शिक्षिका एम. इंदिरा गांधी यांच्या बाजूने निकाल दिला. त्यांच्या नवऱ्याने धर्म बदलून तिन्ही मुलांचाही परस्पर बदलला होता. आईच्या संमतीशिवाय हे चालणार नाही, असं न्यायालय म्हणालं. निकाल कागदावर आला, पण नवऱ्याने नेलेली धाकटी मुलगी तेव्हाही आईला मिळालेली नव्हती.

इराणबद्दल मुंबईकरांना थोड्या अधिकाराने बोलता येईल. १८५४ मध्ये मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हातरिया यांना इराणला पाठवलं, तिथल्या जरथुस्त्रींची हलाखी दूर करायला. जिझिया भरणारे, चांगले कपडे घालायला आणि घोड्यावर बसायला मनाई असलेले हे लोक. अनेक वर्षं दरबारात खेटे घालून, ब्रिटिशांचा दबाव वापरून १८८२ मध्ये हातरियांनी जिझिया रद्द करून घेतला. आजच्या इराणच्या घटनेने जरथुस्त्री, ज्यू आणि ख्रिस्ती यांना मान्यता दिली आहे, संसदेत राखीव जागाही आहेत. बहाईंना मात्र काहीच नाही, कारण तो पंथ एकोणिसाव्या शतकात शिया इराणातूनच उगवला. १९८३ मध्ये शिराझला दहा बहाई स्त्रियांना फाशी दिली गेली. विद्यापीठाची दारं बंद झाली तेव्हा बहाईंनी १९८७ पासून घराघरांत स्वतःची उच्चशिक्षण संस्था चालवली. वेगळा धर्म सहन होतो, आपल्यातून फुटलेला होत नाही, याचं इतकं स्वच्छ उदाहरण विरळा.

तर मग समिती बरोबर की प्रतिवेदक? डेन्मार्क, इंग्लंडमध्ये राज्याचं चर्च असूनही अल्पसंख्याक न्यायालयात जातात आणि जिंकतात. चीनला राज्यधर्म नाही, तरी शिंजियांगच्या उइगुरांना आणि तिबेटच्या भिक्षूंना कशातून जावं लागतं हे जगाला ठाऊक आहे. माझा कल प्रतिवेदकांकडे आहे, पण एक दुरुस्ती करून. घटनेत धर्म लिहिलेला असणं हे स्वतः हानी करतं त्यापेक्षा पुढच्या प्रत्येक हानीला सोय करून देतं. हानी होते की नाही हे तीन गोष्टी ठरवतात: धर्म सोडता येतो का, धर्मन्यायालयाला बगल देऊन लग्न-वारसा मिळवता येतो का, आणि धर्माच्या व्याख्येला फौजदारी कलम जोडलेलं आहे का. नॉर्वे-इंग्लंडने या तिन्ही गाठी सोडायला दीडशेहून अधिक वर्षं घेतली. पाकिस्तानने त्या एकेक करून मारल्या.

भारताने आपल्या घटनासभेत राज्यधर्म नाकारला. डिसेंबर १९४८ मध्ये राज्याने कोणत्याही धर्माची स्थापना करू नये असं स्पष्ट लिहिण्याची ह. वि. कामथांची सूचना मात्र नामंजूर झाली. आणि घटना लागू झाल्याच्या वर्षीच, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने, अनुसूचित जातींत फक्त हिंदू मोडतील असं ठरलं. शीख १९५६ मध्ये आले. बौद्ध आले १९९० मध्ये. म्हणजे नागपूरच्या दीक्षाभूमीवर धर्म बदललेल्या लाखो लोकांना ३४ वर्षं केंद्राच्या सवलती नव्हत्या. महाराष्ट्र सरकारने आपल्यापुरत्या दिल्या, पण दिल्लीच्या नोकरीसाठी त्या चालत नव्हत्या. कित्येक घरांत बाप पंचशील म्हणायचा आणि पोराच्या शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ लिहून घ्यायचा. राज्यधर्म नसलेल्या राज्यानेही धर्माचा रकाना असा भरून घेतला.

ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित आजही त्या यादीबाहेर आहेत. मद्रासच्या रस्त्यावर चपला शिवणाऱ्या सूसाई नावाच्या एका चर्मकाराचा खटला १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला होता. रस्त्याकडेला काम करणाऱ्या अनुसूचित जातीच्या चर्मकारांना सरकार फुकट टपऱ्या देत होतं. सूसाईची जात तीच होती आणि धंदाही तोच, पण तो ख्रिस्ती झाला म्हणून त्याला टपरी मिळाली नाही. धर्मांतरानंतरही जातीचा जाच तितकाच राहतो हे पुराव्यानिशी दाखवलेलं नाही, असं सांगून न्यायालयाने त्याचा अर्ज फेटाळला. हा पुरावा गोळा करण्याचं काम २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या आयोगाकडे सोपवलं गेलं. या प्रश्नावरच्या याचिका तोपर्यंत १८ वर्षं न्यायालयात पडून होत्या.